आप्पांची चुंबळ

बाईच्या डोक्यावरची चुंबळ कुणाच्या नजरेत भरत नाही. जुन्या लुगड्याची चिंधी पिळून गोल केलेली, घागरीखाली ठेवायची, एवढंच तिचं काम. ती माझ्या डोक्यावर होती तोवर गावात कुणाला काही म्हणायचं नव्हतं. मी कॉलेजला निघाले, ती माझ्या वडिलांच्या डोक्यावर गेली, आणि गावाला तोंड फुटलं.

आमचं गाव जळकोटपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. जळकोट तेव्हा तालुकाही नव्हतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि माझ्या एका दाखल्यावर उस्मानाबाद खोडून वर शाईनं लातूर लिहिलेलं होतं. जिल्हा नवा आला, पाऊस मात्र यायचा विसरला. हापसा दाबला की नुसता खडखडायचा. विहिरींच्या तळाला चिखलाच्या खपल्या निघाल्या होत्या. पाणी उरलं होतं ते फक्त गावाबाहेरच्या जुन्या बारवेत, तेही अगदी तळाला, एका झऱ्याचं. सगळ्या पायऱ्या उतरून खाली बसायचं, वाटीनं घागर भरायची आणि परत वर चढायचं.

आमच्या गावाला पाण्याचे नियम फार. बारवेत कुणी उतरायचं, कुणी ओढ्यातल्या खड्ड्यावर भागवायचं, कुणाचा नंबर आधी, कुणाची सावली कुठे पडायची नाही, हे सगळं ठरलेलं. पाणी तळाला गेलं तरी नियम काठोकाठ होते. त्यातला एक असा की बारवेवर बायकाच जाणार. पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही.

आम्ही लिंगायत वाणी. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, चौकात किराणा दुकान होतं. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात तराजू, असे ते मला नेहमी दिसतात. बोलणं कमी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. आदल्या उन्हाळ्यात ती बारवेच्या पायऱ्यांवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही. तेव्हापासून तिला पायरी चढवेना आणि घरचं पाणी माझ्याकडे आलं. माझ्या पाठची बहीण सहावीत होती.

जळकोटला जाऊन-येऊन मी बारावी झाले. मार्क चांगले पडले. औरंगाबादला नंबर लागला नाही, नागपूरला लागला, दातांच्या डॉक्टरकीला. ही बातमी घेऊन मी घरी आले तेव्हा अव्वानं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला आणि रडली. आप्पांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला उगाचच मूठभर शेंगदाणे जास्त दिले.

आनंद दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी आप्पांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका, पान लावत ओसरीवर येऊन बसले. काका टँकरच्या अर्जासाठी सारखे लातूरला खेटे घालायचे. टँकर काही आला नाही, पण नव्या जिल्ह्याची स्वप्नं मात्र ते दर खेपेला घेऊन यायचे. त्यांचं म्हणणं असं, की आता जिल्हा झालाय, सगळी कॉलेजं लातूरला येतील, दाताचंही येईल, थोडं थांबायला काय होतं? आणि दात काढायला शिकायचं तर नागपूर कशाला गाठायचं, आठवडी बाजारात तो एक माणूस चिमटा घेऊन बसतोच की. शिवाय उदगीरचं एक स्थळ त्यांच्या डोळ्यासमोर होतं, कापडाचं दुकान असलेलं. काका वाईट नव्हते. पण दुसऱ्यांच्या मुलींना थांबवण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो मला आजही सहन होत नाही. पुढे त्याच काकांची कवळी मी बसवली. पैसे पूर्ण घेतले.

अव्वानं त्यांची सगळी कारणं परतवली. मग काकांनी खरा पत्ता टाकला. मी गेले तर पाणी कोण आणणार? अव्वाचा हात खुब्यावर गेला. तेव्हा काकांनीच उपाय सांगितला, की धाकटी आहे ना, तिला शाळेतून काढा, नाहीतरी पोरीच्या जातीला सहावी रगड झाली.

या उपायाची मला भीती वाटली. कारण उपाय सोपा होता, आणि आमच्या गावात अशीच घरं होती जिथे तो झाला होता. मोठी शिकली ती धाकटीच्या जिवावर. मी जायचं नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण अव्वा भिंतीला धरून उभी राहिली.

"एकीला शिकवायचं अन् दुसरीला पाण्याला जुंपायचं, हे माझ्या घरात व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "दोघी शिकतील."

"मग पाणी?" काकांनी विचारलं.

आप्पा इतका वेळ पोत्याचं तोंड शिवत बसले होते. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला आणि म्हणाले, "मी आणतो."

काका हसले. त्यांना वाटलं, आप्पा चेष्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आप्पा मधल्या घरात बसून लुगड्याची चिंधी पिळत होते. त्यांना चुंबळ जमत नव्हती, सारखी सुटत होती. मला म्हणाले, दाखव. मी दाखवली. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटत होती आणि लाज वाटते याचा रागही येत होता. सायकलला कॅन अडकवून आणा, असं मी सुचवलं, पण बारवेच्या वाटेवर सगळे दगडगोटे, तिथे सायकल चालत नाही. कावड नेली तर ती अरुंद जिन्यात वळत नाही. घागर डोक्यावर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आम्ही दोघं गेलो. आप्पांना पाहून बारवेवरच्या बायका एकदम गप्प झाल्या. कुणी पदर ओढला, कुणी तोंड फिरवलं. मला त्यांचंही चुकीचं वाटलं नाही. गावात सासू-दिरांपासून सुटून मोकळं बोलायची ती एकच जागा होती, आणि तिथे पुरुष येऊन बसला. आप्पा मान खाली घालून तळाला गेले, घागर भरली, डोक्यावर घेतली आणि निम्म्या पायऱ्यांवर तोल जाऊन सगळी सांडली. घागर ठणठणत खाली गेली. एक बाई फिसकन हसली. आप्पा खाली उतरले आणि पुन्हा वाटीनं भरायला बसले.

कोपऱ्यावरच्या घरातली एक म्हातारी होती, कुणाच्या बापाला न भिणारी. ती वरून बोलली, "आप्पा, खाली नगा बघू. पाय पायरी हुडकतेत. मान ताठ ठेवा."

त्यांनी ठेवली. दुसरी घागर घरापर्यंत आली. धोतर भिजलेलं, विभूती ओघळून नाकावर आलेली, पण घागर आली. अव्वा दारात उभी होती. तिनं घागर उतरून घेतली.

गावानं मग काय बाकी ठेवलं? वाण्याची बाई झाली, लेकीनं बापाला कामाला लावलं, बायकोनं नवऱ्याला. दुकानात येऊन एकानं विचारलं, आप्पा, लुगडं कधी नेसताय? आप्पांनी तराजूचा काटा स्थिर होऊ दिला. "पाणी आणून झालं की बघू," म्हणाले. "तोवर तेल किती देऊ?" तो माणूस तेल घेऊन गेला. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

काकांना हे सहन होईना. भावकीची इज्जत गेली म्हणत त्यांनी पारावर चार शहाणी माणसं जमवली. बायांच्या पाण्यावर पुरुषानं जाणं बरं नव्हे, बायांना अवघड होतं, असा मुद्दा निघाला. मुद्दा बायांचा, पण विचारलं कुणी नाही. आप्पांनीच म्हटलं की विचारा. तेव्हा त्या म्हातारीला बोलावणं गेलं. सगळ्यांची खात्री होती की ती तक्रार करणार.

"आमाला काय तरास न्हाई," ती म्हणाली. "आमी बोलायचं ते बोलतोच, आप्पा ऐकून न ऐकल्यागत करतेत. तुमी बी या की सगळे. पाणी लई खाली गेलंय, आमचे बी गुडघे दुखतेत."

बैठक लगेच उठली. कुणाला शेतात काम आठवलं, कुणाला म्हैस. त्या दुष्काळात शेतात कसलं काम होतं ते त्यांनाच ठाऊक.

आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करतात हे खरं नव्हतं. घरी आल्यावर ते सगळं अव्वाला सांगायचे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं माहेर तुटलं, सगळं. पाय मोडल्यापासून अव्वाला गाव तुटलं होतं, ते आप्पांच्या डोक्यावरून परत घरात यायला लागलं. चुलीपाशी दोघं हळू आवाजात बोलत बसायची. असं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

निघायचा दिवस आला. घरातून बाहेर पडताना समोरून भरली घागर आली तर शकुन, रिकामी आली तर अपशकुन, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि त्या दुष्काळात गल्लीत भरली घागर दिसणंच मुश्कील. सकाळपासून रिकाम्या घागरी घेऊन बारवेकडे जाणाऱ्या बायकांचीच रांग. काकू येऊन म्हणाल्या, पाऊस पडेपर्यंत जाऊच नये, दिवस बरे नाहीत. अव्वानं माझ्या हातावर दही घातलं. वाटीभर दही शेजारून मागून आणलं होतं. मला म्हणाली, "उंबऱ्यात थांब. मी म्हणते तवाच पाय टाक."

मी थांबले. ट्रंक दारात, मामा मला नांदेडच्या स्टँडवर भेटून पुढे नागपूरपर्यंत येणार होते. आप्पा येणार नव्हते. ते आले असते तर दोन दिवस घरात पाणी नसतं. गल्लीतले लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले होते. काकाही होते.

गल्लीच्या टोकाला आप्पा दिसले. डोक्यावर पितळी घागर, काठोकाठ भरलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली. एक हात घागरीला, दुसरा मोकळा. मान ताठ. कुणाकडे न बघता ते सरळ आमच्या दाराकडे चालत आले.

"शकुन सवाष्णीच्या घागरीचा धरतेत," काका ओट्यावरून म्हणाले. "बापयाचा न्हाई."

अव्वानं त्यांच्याकडे बघितलं. "भरलेली हाय ना? मग झालं," म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी उंबरा ओलांडला. आप्पांनी घागर उतरवून अव्वाकडे दिली, तीच चुंबळ डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर माझी ट्रंक घेतली. फाट्यापर्यंत ते पुढे, मी मागे. एस.टी. आली. मुखेडची होती, तिथून नांदेड. त्यांनी ट्रंक आत सरकवली आणि म्हणाले, "पाण्याची फिकर करू नको." त्यांना दुसरं काही बोलायचं असेल, पण कंडक्टरनं घंटी मारली.

नागपूरच्या होस्टेलात नळ होता. पहिल्या दिवशी मी तो सोडला आणि धार बघत उभी राहिले. मागच्या मुलीनं विचारलं, बादली लावायची विसरलीस का? त्या नळाचा मला फार राग यायचा. दिवाळीपर्यंत मी मनाशी ठरवत आले होते, की बस झालं, घरी गेले की परत नागपूरला यायचं नाही. लातूरला कॉलेज येईल तेव्हा येईल.

दिवाळीला घरी आले. पाऊस थोडासा शिंपडून गेला होता, त्यानं बारवेची एक पायरीही बुडाली नव्हती. आप्पा वाळले होते. टोपी काढली तेव्हा दिसलं, टाळूवरचे केस घासून गेले होते, बरोबर चुंबळीएवढे. मला तिथेच रडू येत होतं. पण त्यांच्यासमोर रडले नाही.

सकाळी त्यांच्या आधी उठले, खुंटीवरची चुंबळ काढली, घागर घेतली. परत जाणार नाही, हे सांगायचा माझा तो मार्ग होता. दाराशी पोचले तर आप्पा मागे उभे. त्यांना सगळं कळलं होतं.

"ठेव," म्हणाले. "ती माझी हाय."

मी ठेवली नाही. ते म्हणाले, "तुला दात बघायला शिकायला धाडलंय. ही मागची दाढ दुखायली, ती बघ." आणि तिथेच, अंगणात, त्यांनी उजेडाकडे तोंड करून आ केला. पहिल्या वर्षाला कुणी दाढा तपासत नाही. मला काय कळणार होतं? तरी मी पाहिलं, बोट लावून पाहिलं. दाढ किडली होती. मी म्हटलं, अजून मला काढता येत नाही. ते म्हणाले, मग शिकून ये, तोवर मी दुसऱ्या बाजूनं चावतो.

त्यांनी माझ्या हातातली चुंबळ घेतली, टाळूवरच्या त्या जागेवर बसवली आणि घागर घेऊन निघाले. धाकटी उंबऱ्याशी पुस्तक उघडून पाठ करत बसली होती. आप्पा तिच्या शेजारून गेले, धोतर तिच्या वहीला घासलं, तरी तिनं मान वर केली नाही. वडील पाणी आणायला चाललेत, यात तिला बघण्यासारखं काही वाटलंच नाही.