पुढील हुकूम होईपर्यंत

"लेखी हाय का?" असं विचारून तो उजवा हात पुढे करायचा. तळवा वर, बोटं जुळलेली. त्या हातावर कागद पडेपर्यंत हात हलायचा नाही आणि हात हलल्याशिवाय दारातला माणूस आत जायचा नाही.

सोलापूरच्या आमच्या लहानशा कचेरीत तो पट्टेवाला होता आणि मी खालून दुसरा कारकून. त्याला वाचता येत नव्हतं. कागद हातात आला की तो खालची सही बघायचा, शिक्का बघायचा आणि दोन्ही जागच्या जागी असले की बाजूला व्हायचा. एकदा त्यानं साहेबांच्या मेहुण्यालाच भर उन्हात अर्धा तास उभं केलं. साहेब तापले. हा शांतपणे म्हणाला, "मेव्हनं हाईत हे त्येंनी तोंडी सांगितलं, सायेब." तुम्हीही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढला असाल, तर दारात पुढे आलेले हात पाहिले असतील. बहुतेक हात कागदासाठी नसतात. याचा होता.

त्याचं गाव मोहोळकडचं. घर धनगराचं, शंभरेक मेंढरं, आणि सत्तरीला आलेली आई अजून त्यांच्यामागे रानात जाणारी. हा थोरला, म्हणून नोकरीला आलेला. रविवारी त्याच्याकडे मटण शिजायचं आणि सोमवारी सकाळी त्याची हकिकत मला ऐकावी लागायची. मुंडी कशी भाजावी, पाया किती वेळ उकळावा, वजडी, म्हणजे बोकडाची आतडी, किती पाण्यांनी धुवावी. मी ब्राह्मणाचा, कांदा खातानाही दार लोटून घेणारा. पण पाच वर्षांत बोकडाची मला इतकी माहिती झाली की कुणी परीक्षा घेतली असती तर मी पास झालो असतो. प्रात्यक्षिक सोडून.

एका उन्हाळ्यात तो कचेरीतल्या बाकावर बसला आणि तिथंच आडवा झाला. हेडक्लार्कांनी ओवा दिला. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हा ओव्याचं काम नाही हे हेडक्लार्कांनाही पटलं. रेल्वेनं त्याला परगावच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. आतड्याला पीळ पडून ते काळं पडलं होतं. गोऱ्या डॉक्टरानं तेवढा भाग कापून काढला आणि दोन्ही टोकं शिवून टाकली. त्या काळी पोट फाडलेला माणूस परत येत नसे. हा दीड महिन्यानं परत आला, पट्टा कमरेला दोन वेढे देऊन.

"किती काढलं रे?" जो तो विचारायचा. हा उठायचा, बाकाच्या डाव्या कडेवर एक बोट ठेवायचा आणि लाकडातल्या एका गाठीवर दुसरं. "हितनं हितपर्यंत. जास्त न्हाय, कमी न्हाय." आणि बसताना मला म्हणायचा, "जन्मभर वजडी खाल्ली, भाऊसाहेब. शेवटाला माजीच गेली."

डॉक्टरानं निघताना इंग्रजीत एक कागद दिला होता. तो मला वाचायला सांगितला. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला भोपळा, बटाटा, गाजर, पालक एवढं द्यावं. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं देऊ नये, असा मजकूर होता. नुसतं ऐकून त्याचं समाधान होईना. "मराठीत लिवून द्या की." मी लिहून दिलं. खाली वळणदार अक्षरात शेवट केला: वरील पदार्थ पुढील हुकूम होईपर्यंत बंद. त्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"हुकूम कोन देनार?"

"डॉक्टर देतील."

"बरं," म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

डॉक्टर त्याच साली आपल्या देशाला निघून गेला. हे कळल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, की मग आता हुकूम यायचा न्हाय. त्याच्या घरात मेंढीचं दूध, शेळीचं दूध, दह्याचं गाडगं, आणि हा पाटावर बसून भोपळा खायचा. "धनगराच्या पोटी येऊन जनावराचं कायबी चालत न्हाय. मेंढरं बी बगत्यात माज्याकडं," असं तो सांगायचा. त्यात तक्रार नसायची. पाऊस पडला, असं सांगावं तसं सांगायचा.

खरी अडचण निराळीच झाली. गोऱ्या डॉक्टरानं सहाच जिन्नस लिहिले होते आणि सोलापूरच्या मंडईत तर पन्नास भाज्या. रोज सकाळी तो माझ्या टेबलाशी उभा. "चाकवत कागदात हाय का?" नाही. "मग खायाचा का न्हाय?" मी विचार करून निकाल द्यायचा, की पालक चालतो त्या अर्थी चाकवतही चालावा. अंबाडी आंबट, सबब नामंजूर. दोडका साल काढून मंजूर. ज्वारीच्या कण्या भातासारख्या मऊ शिजवल्यास मंजूर. भाकरीवर आम्ही दोघं आठ दिवस अडलो होतो. शेवटी कोमट पाण्यात कुस्करून, असा मी तोडगा काढला. शेंगांची चटणी मी दुसऱ्या वर्षी मंजूर केली, तीही तिखटाशिवाय, चिमूटभर. खरं सांगतो, कचेरीत माझा शब्द दुसऱ्या कुणी कधी मानला नाही. मला त्या निकालांची गोडी लागली होती.

आणि तो सुधारत होता. तिसऱ्या वर्षी पट्ट्याचा दुसरा वेढा सुटला.

लोकांना हे काही समजेना. गल्लीतल्यांना वाटलं, यानं माळ घातली. कुणी कुणी पाया पडू लागले. तो पाय मागे घेऊन म्हणायचा, "माळ न्हाय बाबा, आतडं." आमच्या कचेरीतली मंडळी तर खूश झाली, जणू त्यांनीच त्याला वळणावर आणला होता. हेडक्लार्कांच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा त्याला तीर्थ दिलं. त्यात दूध, दही, तूप. यानं हात मागे घेतला. "बंद हाय जी." शिरा? तुपातला. बंद. ताक? बंद. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांत सोवळं खाणारा माणूस तोच होता. त्याचं पान मात्र पायरीखालीच मांडलं होतं आणि ते वर घ्यावं असं मलाही सुचलं नाही, हेही लिहून ठेवतो.

दर वर्षी चैत्रात त्याच्या गावी कुलदेवाची जत्रा असे. त्या दिवशी बोकड शिजलं की पहिला घास आईनं थोरल्या मुलाला भरवायचा, मग तिनं स्वतः घ्यायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं, अशी त्यांच्या घरची रीत. पहिल्या वर्षी जत्रेहून परत आल्यावर मी विचारलं, काय केलंस?

"धाकल्यानं घास घेतला. समदी जेवली."

"आणि आई?"

"आय न्हाय जेवली. थोरल्यानं खाल्ल्याबिगर कशी खाऊ म्हनली. दूध बी सोडलंय तिनं." मग म्हणाला, "आता आय बी माज्या कागदावर हाय."

मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

चौथ्या वर्षी जत्रेच्या आधी म्हातारी स्वतःच कचेरीत आली. आत यायला लागली तसा हात पुढे झाला. "लेखी हाय का?"

"तुला जलम दिला तवा कुटं कागद व्हता रं?" ती म्हणाली आणि ओसरीत बसली. हात तिनं तसाच राहू दिला. मग त्यानं मला बाहेर बोलावलं.

म्हातारी वाळून काठी झाली होती. तोंडावर पदर धरून बोलत होती. "बाबा, बंद हाय असं तूच लिवलंस नव्हं? मग सुटलं म्हनून लिव की. एक घास. माज्या हातचा."

"मी डॉक्टर नाही, आजी."

"बंद लिवलंस तवा हुतास व्हय?"

मी म्हटलं, दवाखान्याला पत्र घालतो, मूळ कागद दे. त्यानं इंग्रजी कागद काढून दिला आणि चार वर्षांनी मी तो पुन्हा वाचला.

त्यात हुकूम कुठेच नव्हता. जखम भरेपर्यंत, सध्यापुरतं, असे घरात बोलतो तसले साधे शब्द होते. पण आमच्या कचेरीत सध्यापुरतं असं काही नसतं. मंजूर असतं, नामंजूर असतं, नाहीतर पुढील हुकूम होईपर्यंत असतं. दिवसभर हात जे लिहीत होता तेच त्यानं तिथंही लिहिलं. आणि लिहिलं कुणासाठी? अख्ख्या सोलापुरात जो एकच माणूस ते अक्षरशः पाळील, त्याच्यासाठी.

दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजी बंदी नव्हतीच?"

"होती. दोन-तीन महिने."

"मग आयला काय सांगू?"

"सांग, कारकुनानं चूक केली."

त्यानं हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळलेली. "लेखी द्या."

मी लिहून दिलं. चार वर्षांपूर्वी केलेलं भाषांतर चुकीचं होतं, चूक सर्वस्वी माझी आहे, डॉक्टरांची बंदी कधीच संपली आहे. साऱ्या नोकरीत 'चूक माझी' असं मी लिहिलेला तो एवढाच कागद. त्यानं खालची सही पाहिली आणि म्हणाला, "शिक्का?" खाजगी कागदाला सरकारी शिक्का कसा मारणार? मग त्यानं शाईची डबी पुढे सरकवली. "आंगठा द्या, भाऊसाहेब. सही कुनीबी करतंय." मॅट्रिक झालेल्या मी निमूटपणे अंगठा उठवला.

"आता वाचून दावाया तुमीच चला," तो म्हणाला.

जत्रेच्या दिवशी मोहोळपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही त्याच्या गावी गेलो. अंगणात सगळं घर बसलं होतं. चुलीवर पातेलं, तव्यावर भाकरी. मला एका कडेला घोंगडी टाकून दिली. मी उभा राहून माझी चूक वाचून दाखवली. म्हातारीनं फक्त विचारलं, "म्हंजी आता खायाचं?"

"खायचं, आजी."

मला भीती वाटत होती. चार वर्षं भाजीपाल्यावर वाढवलेलं पोट. वाटलं, आधी बंद करून चूक केली, आता सोडून दुसरी करत नाही ना.

म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मटणाची एक मऊ फोड धरली आणि घास त्याच्या तोंडात घातला. तो पुष्कळ वेळ चावत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तिखट झालंय," तो म्हणाला.

"तिखट घातलंच न्हाय, भावजी," धाकट्याची बायको चुलीपासून म्हणाली.

मग म्हातारीनं स्वतःसाठी घास केला. तोंडात घेतला. इकडून तिकडे फिरवला, पुन्हा फिरवला. शेवटी मटणाची फोड जशीच्या तशी काढून तिनं तळहातावर ठेवली आणि हसली. तोंडावरचा पदर तेव्हा बाजूला झाला. आत एकही दात नव्हता.

"दात गेलं की रं. दोन वर्सं झाली."

दुसरं कुणी हसलं नाही. मी मनात हिशेब करू लागलो. दोन वर्षांपूर्वी तो कागद मी पुन्हा एकदा, फक्त एकदा, वाचला असता तर.

तो उठून आईजवळ जाऊन बसला. तिच्या तळहातावरची फोड त्यानं उचलली, आपल्या तोंडात टाकली, नीट चावून मऊ केली आणि बोटांनी तिच्या तोंडात घातली. लहान लेकराला भरवतात तशी. तिनं गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं. मी उष्टंखरकटं कडक पाळणाऱ्या घरात वाढलेला माणूस. घरी पाण्याच्या भांड्याला कुणाचा ओठ लागला तरी भांडं घासायला टाकत. त्या अंगणात मला विटाळ आठवला नाही. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

तीन घास खाल्ले तिनं. चौथा पुढं आला तेव्हा तिनं त्याचा हात धरून खाली ठेवला. "पुरं. लई दिसांनी पोट भरलं." मग बाकीचे जेवायला बसले.

त्याला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला. म्हातारी त्याच साली थंडीत गेली. तोही गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तापानं गेला, आतड्यानं नाही. मला पेन्शन मिळते. ओळखीचे लोक म्हणतात, भाऊसाहेबांनी एवढ्या नोकरीत कधी कुणाचं वाकडं केलं नाही. मला चार वर्षांचे ते तीन घास आठवतात.