लॉबीतला ससा

गोरेगावच्या स्टुडिओत मी सेटसाठी जुनी चित्रं नकलून देतो. राजवाडा असो की खलनायकाचा बंगला, भिंतीवर चारशे वर्षांपूर्वीचं फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचं, चित्र हवंच. काळपट पार्श्वभूमी, टेबलावर द्राक्षं, अर्धं सोललेलं लिंबू, चांदीचं भांडं आणि शिकारीत मारून आणलेले पशुपक्षी. तिथल्या श्रीमंतांना आपलं जेवण भिंतीवर मिरवायची हौस होती.

कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत मात्र माझ्या आईला जेवण लपवावं लागायचं. आम्ही मालवणकडचे. एकदा ती बांगडे तळत असताना सेक्रेटरीने बेल वाजवली. "मावशी, लिफ्टमध्ये वास भरतो ना. इथे सभ्य लोक राहतात." आई हातात झारा धरून चक्क सॉरी म्हणाली. त्या दिवसापासून तिने घरात मासे आणू दिले नाहीत. मी भांडायला निघालो की म्हणायची, "उगाच कोणाच्या तोंडाक लागूक नको." तीन वर्षं मी त्या माणसाला दात आवळून गुड मॉर्निंग म्हणत होतो.

मग लॉबी नवी झाली, संगमरवर आला, आणि सेक्रेटरी माझ्याकडे आला. "तू आर्टिस्ट ना? काहीतरी रॉयल, फॉरेन टाइप काढ." मी त्याला मोबाइलवर चार चित्रं पाठवली. त्याने सगळ्यात काळोखं निवडलं. "द्राक्षं झकास आहेत!" मी म्हटलं, नीट बघून घ्या, मोठं करून बघा. त्याने बघितलं नाही. कमिटीच्या वहीत ठराव झाला, सह्या झाल्या. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. फक्त दोन महिने मन लावून रंगवलं, सशाच्या नाकातल्या रक्ताच्या थेंबासकट.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झाल्यावर उद्घाटन ठेवलं. नवीन वस्तू म्हणजे पूजा आलीच. सेक्रेटरीने चौकटीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, डोळे मिटून हात जोडले. लॉबीच्या अंधारात तोवर फक्त द्राक्षंच दिसत होती. मग कुणीतरी चित्रावरचे दिवे लावले.

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "हा ससा उलटा का झोपलाय?"

"झोपला नाही, आजी. मेलाय. बाजूला तितर आहेत, तेही मेलेत. खाली कापलेला मासा."

सेक्रेटरीचा चेहरा पांढराफटक पडला. अजून त्याचे हात जोडलेलेच होते. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

"ठराव आहे, तुमचीच सही आहे. काढतो, पण आधी माझ्या आईची माफी मागा. इथेच, सगळ्यांसमोर."

त्याने मागितली. पुटपुटला, तर मी मोठ्याने म्हणायला लावलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "असू दे, असू दे." वर, यापुढे कुणाच्या स्वयंपाकाबद्दल तक्रार घेणार नाही, असं मी त्याच वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चांगले सहा बांगडे आणले. आईने ते साफ केले, तिरफळं घालून कालवण केलं, माझं ताट वाढलं. स्वतःसाठी एक तुकडा घेतला, घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"काय झालं?"

ती उठून खिडकी उघडायला गेली.

"माका वास येता रे."