जनकाआजीच्या पायाचं निमित्त

जनकाआजी आमच्या शेजारी राहायची. ती सुईण होती. गोरेगावातली आणि आसपासच्या आठ-दहा खेड्यांतली निम्मीअधिक लेकरं तिच्या हातावर जन्मली. बोलावणं आलं की ती चालत निघायची. पायात जाड वहाणा, टाचांना भेगा, आणि उजवा अंगठा लहानपणी दगड पडून वाकडा झालेला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. होती ती एक धाकटी बहीण, पद्मा. आई वारली तेव्हा पद्मा चार वर्षांची. जनकाआजीनंच तिला वाढवलं, शाळेत घातलं, आणि हिंगोलीत कचेरीत नोकरी असलेल्या मुलाला दिलं.

छप्पन साली नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा आमच्या वस्तीतली पाच-सहा माणसं गेली होती. जनकाआजीचीही पिशवी भरून तयार होती. पण पद्माचं पहिलं बाळंतपण अगदी त्याच दिवसांत आलं, पोर आडवं होतं, आणि आजी राहिली. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. त्यानंतर नागपूरला जायचं कधी जमलंच नाही. दर दसऱ्याला कुणाचं तरी बोलावणं यायचंच.

शहात्तर साली पद्माबाई स्वतः गोरेगावला आली.

"अक्का, औंदा वीस वर्षं झाली. आमचं महिला मंडळ नागपूरला चाललंय. तू बी चल."

जनकाआजीनं खुंटीवरची पिशवी काढून झटकली. मग म्हणाली, "येते की. काहून न्हाई येणार?"

"पण ह्या वहाणा घालून न्हाई हं. मोठमोठ्या सायबांच्या बायका हायेत संगं."

आठ दिवसांनी आजी हिंगोलीला गेली. दोघी बहिणी बाजारात चपला घ्यायला निघणार, तर आजी म्हणाली, "आत्ता नगं. दुपार कलू दे. सकाळी पाय आखडलेला असतो, दिवसभर चालला की फुगतो. फुगलेल्या पायाला जी बसंल तीच खरी." तोवर तिनं पद्माच्या घरचं पाणी भरलं, आणि चार वाजता दोघी निघाल्या.

पहिल्या दुकानात पद्मानं काळी चकचकीत जोडी पुढं केली. पुढून निमुळती, मागं बोटभर उंच टाच.

"किती शोभतीया बघ."

आजीनं पाय घातला आणि लगेच काढला. "अंगठा ओरडतो हिच्यात. आन् ह्या टाचेवर मी चालू का तोल सांभाळू?"

"जरा सोसायचं, अक्का. तिथं बाया पायाकडं बघतात."

"बघू दे. मला बी दिसाया बरीच पायजे. पण मला पोचायचं बी हाय."

दुसऱ्या दुकानात मऊ कापडी बूट होते. ते पायाला बरे, पण आजीला पटले नाहीत. "हे आजाऱ्याच्या पायातले दिसतात," ती म्हणाली. तिसरं दुकान उत्तमसिंग नावाच्या माणसाचं होतं. तो उठून उभा राहिला, त्यानं आजीला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "माँजी, नंबर?"

"कशाचा?"

तो हसला. खाली बसून त्यानं तिच्या दोन्ही पायांची मापं घेतली. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा निघाला. "बडे पैर का नाप लेंगे," तो म्हणाला. आजीला ही गोष्ट फार आवडली. पुढं कित्येक वर्षं ती आम्हाला सांगायची, की मोठ्या पायाचं माप घ्यावं, लहान पाय सांभाळून घेतो.

त्यानं काढलेली जोडी कातडी सँडलची होती. रंग कातासारखा, पुढून रुंद, टाचेमागून पट्टा आणि पितळी बक्कल. वरच्या पट्टीवर पानांची नक्षी कोरलेली. आजीनं आधी तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. मग घालून दुकानाच्या फरशीवर सहा वेळा गेली-आली, पायरी उतरली, चढली, उकिडवी बसली, उठली. शेवटी उत्तमसिंगनं लावलेल्या तिरप्या आरशासमोर नऊवारी जराशी वर धरून उभी राहिली. तिची आई गावातल्या मोठ्या लोकांच्या गल्लीतून जाताना चपला हातात घेऊन जायची. ते आजीनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आरशात ती बराच वेळ स्वतःचे पाय पाहत होती.

"हीच," ती म्हणाली.

पद्माही "बरी दिसते" म्हणाली. निघताना ठरलं, की आजीनं अष्टमीच्या संध्याकाळी मुक्कामाला यायचं आणि नवमीला सकाळच्या गाडीनं सगळ्यांनी निघायचं.

पंधरा दिवस आजीनं ती जोडी रोज थोडा वेळ घातली. पट्ट्याला आतून एरंडेल चोळलं, टाचांना रात्री मेण लावलं. बायका चिडवायच्या, "जनकाबाई, कुणाचं लगीन काढलं?" ती म्हणायची, "माहं."

अष्टमीला ती एसटीनं हिंगोलीला उतरली. हातात पिशवी, अंगावर पांढरं लुगडं, पायात नवी सँडल. पद्माच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या मिराबाई बाहेर आल्या आणि दचकल्याच.

"तुमी? पद्माबाई तं सकाळच्या गाडीनं गेल्या मंडळासंगं."

"नवमीला जायचं ठरलं व्हतं."

"न्हाई बा. पयल्यापसून अष्टमीच ठरलेली." मिराबाईंचे डोळे आजीच्या पायांवर गेले. "त्या तं म्हणल्या, आमच्या अक्काच्या पायाला लई लागलंय, तिला चालताच येत न्हाई, म्हणून ती येऊन न्हाई राहिली."

आजी पायरीवर बसली. दिवस चुकून ऐकला असेल, असं क्षणभर तिला वाटलं होतं. पण पायाचं ऐकल्यावर काही उरलं नाही. मिराबाईंनी चहा दिला, तो तिनं घेतला. "कुठं उतरणार हायेत त्या?" एवढंच विचारलं. मिराबाईंना नागपुरातल्या एका शाळेचं नाव ठाऊक होतं. त्यांनी रात्री तिला ठेवून घेतलं.

सकाळी आजी एकटी स्टेशनावर गेली. फलाटावर नरसीकडची वीस-पंचवीस माणसं नागपूरलाच निघालेली. त्यांच्यातल्या रुक्माबाई नावाच्या बाईनं विचारलं, "एकलीच?" आजी म्हणाली, "आता हाय एकली." रुक्माबाईनं सरकून जागा केली. अकोल्याला गाडी बदलून ती मंडळी संध्याकाळी नागपूरला पोचली.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आजी सकाळपासून त्या गर्दीत उभी राहिली, वंदना म्हणाली. मग तीन-चार मैल चालत, विचारत विचारत त्या शाळेत गेली.

व्हरांड्यात मंडळाच्या बायका बसल्या होत्या. पद्मा ताटं मांडत होती. तिनं वर पाहिलं आणि तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

पद्माच्या घरी आजीला कधीतरी पाहिलेली एक बाई म्हणाली, "अहो, याच ना तुमच्या ताई? यांच्या पायाला लागलं होतं ना?"

सगळ्या आजीच्या पायांकडं पाहू लागल्या. पद्मा मान खाली घालून उभी होती. आजीनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, लागलं व्हतं. बरं झालं."

बायका "बसा, जेवा" म्हणाल्या. आजी बसली नाही. सगळ्यांना जयभीम करून वळली. पद्मा फाटकापर्यंत मागं धावली.

"अक्का, ऐक तं. तू तंबाखू खातीस, मोठ्यानं बोलतीस. त्या बाया हसल्या असत्या. म्या चपला बदलून पाहिल्या, पण..."

"चपला बदलल्यावर बी मी मीच राहिले, व्हय ना?"

पद्मा रडू लागली.

"तोंडावर सांगाचं व्हतं," आजी म्हणाली. "तंबाखूची पुडी घरी ठिवली असती. तोंड मिटून बसले असते. न्हाई तं आलेच नसते. पर खोटा दिवस काहून सांगितलास? आन् माह्या पायाचं नाव काहून घेतलंस? ह्याच पायांनी तुला कडेवर घेऊन हिंडले मी."

ती रुक्माबाईच्या माणसांत परत गेली, त्यांच्याच गाडीनं हिंगोलीला आली आणि तशीच गोरेगावला.

पद्माबाई पुढं दोनदा आली, लाडू घेऊन. आजीनं तिला जेवू घातलं, ख्यालीखुशाली विचारली. त्या दसऱ्याचा विषय दोघींनीही काढला नाही. माझी आई म्हणायची, भांडली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी पद्माच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. तीच मुलगी, जिच्यासाठी आजी छप्पन साली थांबली होती. आजी माझ्या आईसोबत गेली. आहेर दिला, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाहुण्यांच्या रांगेत जेवायला बसली. पद्मानं तिला आत बोलावलं, चार दिवस राहण्याचा आग्रह केला.

"न्हाई जमणार," आजी म्हणाली. "गावात एका बाईचे दिवस भरलेत. रातीतून कवा बी बोलावणं येईल."

त्या महिन्यात गोरेगावात कुणाचेही दिवस भरलेले नव्हते. माझ्या आईला ते ठाऊक होतं. एसटीत बसल्यावर आईनं तिच्याकडं पाहिलं. आजी वाटेतलं सेनगाव येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसली होती.