सुभेदारांचं न्हाई

रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार हंबीरराव आमच्या साताऱ्याच्या निसर्गोपचार केंद्रात एनिमा घ्यायला आले. पाणी कोमट का, नळी किती आत जाते, असं विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं. मग मी विचारायला लागले.

"मूळव्याध?"

"न्हाई."

"हृदयविकार?"

"न्हाई."

"पोटाचं ऑपरेशन?"

"न्हाई."

सदरा वर केला, तर बेंबीखाली वीतभर व्रण.

"मग हे काय?"

"आतडं कापलं हुतं. भरतीपासनं सवय हाय, बाई. डाक्टरनं काय बी इचारलं तरी न्हाई म्हणायचं. व्हय म्हटलं की घरी धाडत्यात."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून या. आज घरी जा."

सदऱ्याची बटणं लावत सुभेदार म्हणाले, "बघा. म्हणूनच न्हाई म्हणत हुतो."