आमच्या होस्टेलला आलेला रोहित

रेक्टर माणसाकडे किस्से आपोआप साठतात, त्याला कुठे शोधायला जावं लागत नाही. गिझर बिघडतो, पोरं भांडतात, कोणाचा तरी बाप तणतणत येतो, आपण घरी जाऊन बायकोला सांगतो, की झाला किस्सा! धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो आणि दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून मुलांचं होस्टेलही बघतो. त्यामुळे माझ्याकडे साठा मोठा. त्यातही रोहितचे किस्से म्हणजे आमच्या स्टाफरूमची ठेव. नवीन प्राध्यापक रुजू झाला की पहिल्या चहाबरोबर त्याला हेच मिळतात. सगळे पोट धरून हसतात, मीही हसतो. दिलीपचं नाव निघालं की मात्र कोणीतरी "चला, तास आहे" म्हणत उठतं.

रोहित म्हणजे गांजा पकडण्यासाठी पोलिसांनी विद्यार्थी म्हणून आमच्यात गुपचूप आणून ठेवलेला शिपाई. आणि दिलीप म्हणजे दिलीप पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याला पोलीस व्हायचं होतं. त्याचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, तोंडावर आली होती. "पोलीसच का रे बाबा?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, आमच्या पाड्यावर पोलीस आला की माणसं शेतात पळतात. मी गेलो तर नाही पळणार."

आता ऐका.

* * *

रोहित सत्राच्या मध्येच उगवला. प्रवेश कधीचेच बंद झाले होते, पण प्राचार्यांचा निरोप होता, "घ्या त्याला." कागदावर वय बावीस. प्रत्यक्षात पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं आणि केस कपाळ सोडून मागे निघाले होते. आमचे वॉचमन नाना त्याची बॅग खोलीवर ठेवून माझ्याकडे आले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"सर, हाऊ पोऱ्या नई शे. पोऱ्यास्ना बाप शे!"

"कशावरून नाना?"

"उना तसं माले इचारं, पानी कव्हय येस? कॉलेजना पोऱ्या पहिले वायफाय इचारस!"

* * *

त्याच संध्याकाळी मी हजेरी घेतली. आमची पोरं मोबाइलमधून मान वर न काढता 'यस सर' पुटपुटतात. रोहितचं नाव घेतलं, तर हा ताडकन उठला, टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि गरजला, "हजर सर!"

अख्खा हॉल दचकला. माझाच हात सलाम करायला निघाला होता, कसाबसा आवरला!

मागून बोदवडचा निखिल म्हणाला, "सर, 'विश्राम' म्हणा. नाहीतर तो बसायचा नाही."

* * *

बोलण्याचीही तीच तऱ्हा. माणसाने वेष बदलावा, पण आयुष्यभर पंचनामे लिहिलेली जीभ कुठे बदलणार? कँटीनमध्ये त्याने एका पोराला बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "मित्रा, सदर ठिकाणी गांजा मिळून येतो का?"

पोरगं आमचंच, तयारीचं. "मिळून आल्यास पंचांसमक्ष कळवतो," म्हणालं.

* * *

खात्याने हुशारी अशी केली होती, की धुळ्यात कोणी ओळखू नये म्हणून माणूस जळगावहून मागवला. वा! आमच्या होस्टेलात निम्मी पोरं जळगाव जिल्ह्यातली! खानदेशात कोणी कोणाला ओळखत नाही असं ज्याला वाटलं, तो साहेब नक्कीच बाहेरून बदलून आलेला असणार.

तिसऱ्या दिवशी निखिल जेवताना ओरडला, "अरे, जळगावला माझ्या मावसभावाच्या गाडीचं चलन यानंच फाडलं होतं!" संध्याकाळपर्यंत ही खबर होस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. भांडी घासायला येणाऱ्या अक्कांना कळली, समोरच्या झेरॉक्सवाल्याला कळली. तो तर रोहितला कागद देताना "घ्या साहेब" म्हणायला लागला.

दिलीपला कळली नाही. कोपऱ्यातल्या खोलीत एकटा राहायचा. पहाटे धावायला, दिवसा कॉलेज, संध्याकाळी परत मैदान. त्याला ग्रुपमध्ये घ्यायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

* * *

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. "सर, तो रोहित पोलीस आहे."

"तुम्हाला माहीत नाही," प्राचार्य म्हणाले.

"माहीत आहे म्हणून तर आलोय!"

"तेच सांगतोय. वरून आलंय ते. तुम्हाला माहीत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला तर तुम्ही आलात हेही माहीत नाही."

एवढं बोलून त्यांनी मला चहा मागवला.

* * *

मी तरी गप्प बसणारा नव्हे. नाव न घेता सांगायला काय हरकत आहे, म्हणून रविवारी सकाळी सगळ्या मुलांना हॉलमध्ये बोलावलं आणि झकास भाषण ठोकलं. नवी ओळख जपून करा, कोणी भलतंसलतं आणायला सांगितलं तर साफ नाही म्हणा, तो कितीही गयावया करो. नागरिकाचे हक्क, पोलिसांच्या मर्यादा, सगळा सिलॅबस संपवला! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर नानांना विचारलं, "सगळे होते ना?"

"बठ्ठा व्हतात सर. फक्त रोहित आनि दिलीप नई व्हतात. त्या ग्राउंडवर पळी राहिनात."

मग दिलीपला खोलीवर बोलावून तेच सांगितलं. त्याने मान डोलावली. "मला कोण सांगणार सर? माझा तर एकच मित्र आहे," म्हणाला. कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धावायच्या सोबत्याला कोणी मित्र समजतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

* * *

ते धावणं बघण्यासारखं होतं हो! रोहितने सांगून ठेवलं होतं, की तोही पोलीस भरतीची तयारी करतोय. पोलीसच पोलीस भरतीची तयारी करतोय म्हटल्यावर संशय कोणाला यावा? अडचण एकच. आधीच भरती होऊन बसल्यामुळे पळायची सवय मोडली होती. एका फेरीत त्याची जीभ बाहेर यायची.

दिलीपला त्याची दया आली. स्वतःचा सराव सोडून तो त्याच्या बाजूने धावायचा. "श्वास नाकाने घे रे रोहित. हात सैल सोड. अजून एक फेरी, चल, होईल तुझं." भिजवलेले हरभरे निम्मे त्याला द्यायचा. गोळा कसा फेकायचा, उडी मारताना पाऊल कुठे टाकायचं, सगळं शिकवलं. रोहितचं पोट खरंच कमी झालं. सरकारी खर्चाने झालेलं या प्रकरणातलं एवढंच चांगलं काम.

* * *

मेथीचा किस्सा मात्र निखिलचा. रोहित रोज कानाशी लागतो म्हणून वैतागून त्याने मेसच्या डब्यातली कसुरी मेथी कागदाच्या पुडीत बांधून त्याला दिली. "कोणाला सांगू नको, एक नंबर माल आहे." रोहित उडत गेला. त्याच्या पोलीस पथकाच्या साहेबांनी पुडी उघडली, चिमूट नाकाशी नेली, मग जिभेवर ठेवली.

"शिंच्या, हे पनीरच्या भाजीत घालतात!"

त्या दिवशी साहेबांनी त्याला धारेवर धरलं. महिना संपत आला, एक केस दे, नाहीतर परत चलनं फाडायला जा! आम्ही इकडे मेसमध्ये हसून हसून बेजार. तिकडे रोहितला केस हवीच होती, आणि होस्टेलमधला प्रत्येक पोरगा त्याला बघून गालात हसत होता. एक सोडून.

* * *

मध्येच त्याच साहेबांचं कॉलेजात नशामुक्तीवर व्याख्यान झालं. "विद्यार्थी आम्हाला आमच्या मुलांसारखे!" टाळ्या, शाल, नारळ. खाली उतरल्यावर मी हळूच म्हटलं, "साहेब, मैदानामागच्या पानटपरीवर काय विकतात, ते शेंबडं पोरही सांगेल. तिथे का नाही धाड घालत?"

साहेबांनी मला जवळ ओढलं. "सर, तो आमचा खबऱ्या आहे. तो आत गेला तर गांजा कोण विकतं ते आम्हाला सांगणार कोण?"

आता बोला!

* * *

मग रोहितचे गुडघे दुखायला लागले. खरे दुखत होते की हुकमावरून, देव जाणे. दिलीपने घरून मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि स्वतः चोळून दिलं. रोहित म्हणाला, "याने नाही जात रे. गांजाने दुखणं थांबतं म्हणतात. तुमच्याकडे मिळतो ना?"

"मी त्या वाटेला जात नाही," दिलीप म्हणाला.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी रोहितने डोळ्यात पाणी आणलं. "मग मी ग्राउंड सोडतो. बाप म्हणालाय, हा शेवटचा चान्स. झोप नाही, पळता येत नाही. जातो गावी."

दिलीप एस.टी.ने घरी गेला. शेजारच्या पाड्यावर एक म्हातारा सांधे दुखतात म्हणून ओढायचा, त्याच्याकडून चिमूटभर मागून आणलं. निखिलच्या मेथीच्या पुडीतही त्याहून जास्त होती. पैसे घेईना, तेव्हा रोहितने "तिकिटाला ठेव रे" म्हणत पथकाने नंबर टिपून दिलेली खुणेची नोट जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबली.

ज्याच्या मनात नव्हतं त्याच्या मनात आपणच पेरायचं आणि उगवलं की आपणच कापायचं! वर्षानुवर्षं मी कायद्याचं राज्य शिकवतोय, हे कोणत्या धड्यात बसवू? मला अजूनही संताप येतो. येणारच.

* * *

मैदानावरच झडप घातली. रोहितचं बिंग फुटू नये म्हणून दोघांनाही धरलं, आणि खरं वाटावं म्हणून एका हवालदाराने रोहितच्या कानफटात ठेवून दिली. ती जरा जास्तच खरी बसली, असं नानांचं मत. जीपमध्ये बसताना दिलीप त्याला म्हणत होता, "घाबरू नको. मी सांगतो त्यांना."

मी धावत ठाण्यावर गेलो. दिलीपजवळ मला फिरकू दिलं नाही. साहेब मात्र खुशीत होते.

"साहेब, एवढ्या पोरांत तुम्हाला हाच सापडला?"

"सर, आडनाव बघा, तालुका बघा. तिकडे पिकतं ते."

"तिकडे मकाही पिकतो."

"मक्याचं टार्गेट नसतं आम्हाला."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मागे सहा पोलीस छाती काढून उभे, पुढे दिलीप उकिडवा, टेबलावर ती पुडी, दिसावी म्हणून भोवती पेनाने गोल केलेली. मथळा, 'गांजा तस्कराच्या मुसक्या आवळल्या'. पोरं मेसमध्ये फोटोकडे बघत बसली होती. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"निखिल, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना रे?" मी विचारलं.

निखिल भाकरी कुस्करत म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल त्याला."

* * *

त्याच दुपारी दिलीपला कोर्टात हजर केलं. मी ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, माल एवढासा आहे, जामीन आजच होईल, फक्त पोराने तोंडाने काही कबूल करता कामा नये. पोलीस भरती व्हायची असेल तर ही केस उडालीच पाहिजे. आत जाता जाता त्यांनी दिलीपला गाठून एवढंच बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही. समजलं?" दिलीपने मान डोलावली.

रोहितही तिथेच होता, साध्या कपड्यात, दिलीपच्या खांद्याला खांदा लावून. साहेबांचा हुकूम होता, 'माल कोणी दिला ते पोरगं तुझ्यापाशीच ओकेल, साथ सोडू नको.' एक गाल अजून लाल होता. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार? मारहाण वगैरे?"

"मला नाही मारलं साहेब," दिलीप म्हणाला. "रोहितला मारलं."

वकिलांनी त्याची बाही ओढली. दिलीपने हात जोडले.

"साहेब, एक विनंती आहे. त्याचं यात काही नाही. गांजा मी आणला, माझ्या हाताने दिला. मला काय ती शिक्षा करा, त्याला सोडा."

न्यायाधीशांनी कागद चाळले, चष्मा वर केला. "इथे आरोपी एकच आहे. हा रोहित कोण?"

दिलीपने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा साहेब. सोमवारी ग्राउंड आहे याचं. केस लागली तर हा पोलीस कसा होईल?"