पवनचक्कीच्या गावाला निघण्याआधी

कॉलेज सुटल्यावर मी गुलमंडीतल्या एका प्रवास कंपनीत काम करतो. काल एका कुटुंबाची हॉलंडची सहल आखत होतो. दोन लहान मुलं, चार दिवस, जुनी गावं. पडद्यावर लाकडी पवनचक्की आली, शेजारी कालवा आणि काठावर चरणारी मेंढरं. माझा हात थांबला.

असंच चित्र पाचोडच्या वसतिगृहात एका जुन्या कॅलेंडरवर होतं. मी सहा वर्षांचा होतो. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे माझे वडील, आप्पा, मला तिथं ठेवायला आले होते आणि मी त्यांचं धोतर सोडत नव्हतो. त्यांच्या घोंगडीला मेंढरांचा उबदार वास होता.

आप्पांनी चित्राकडं बराच वेळ पाहिलं. "जायचं का तिथं? तू, माय, बारकी, समदे."

"मेंढरं घेऊन?"

"नाय. लई पाणी हाय तिथं. ओल्यात खुरं सडत्यात. मेंढरं मामाकडं ठिवू."

मग तळ कुठं टाकायचा, दमलेल्या बारकीला, माझ्या धाकट्या बहिणीला, कुणी खांद्यावर घ्यायचं, सगळं त्यांनी सावकाश ठरवलं. ऐकता ऐकता मला त्या कालव्याचा गारवा लागू लागला.

"पर तिथल्या पाट्या कोण वाचील? मला तर येत नाय. तू शिकून घे, मंग निघू."

मी धोतर सोडलं.

तेव्हा वाटलं, केवढं मोठं काम सोपवलंय मला! आता वाटतं, मला सोडून निघणं त्यांनाच जमत नसावं. मी घाईघाईनं वर्गात गेलो. ते फाटकाशी किती वेळ उभे होते, ते मी वळून पाहिलंच नाही.