पथ्याचा कागद

ज्वारीच्या राशी सुरू झाल्या, खळ्यावर मळणी लागली की माझ्या अक्काला शिंका लागायच्या. एका दमात वीस-पंचवीस. मग डोळे सुजायचे, नाक वाहायचं, छातीत घरघर सुरू व्हायची. लग्न होऊन ती बोरीला गेली आणि पहिल्याच फाल्गुनात सासूनं निरोप धाडला, दुखणाईत पोरगी आमच्या गळ्यात मारली.

निजामाचं राज्य जाऊन दुसरं वर्ष होतं. आमच्या वडिलांनी, आबांनी, तिला माहेरी आणलं आणि परभणीच्या एका हकिमाकडे नेलं. मी तिथंच हायस्कुलात होतो, म्हणून सोबत गेलो. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, पुष्कळ विचारलं आणि उर्दूत चिठ्ठी लिहून दिली. घरात उर्दू वाचणारा मी एकटा. पाचवीपासून त्याच भाषेत शिकलो होतो. चिठ्ठीत चार ओळी होत्या. शिळं खाऊ नये. आंबट खाऊ नये. रात्री दही-ताक घेऊ नये. आणि सर्वांत लांब ओळ शेवटची: राशीच्या दिवसांत खळ्यावर जाऊ नये, भुसा उडतो तिथं उभं राहू नये.

आठ दिवस मायनं तिला गरम भाकरी आणि गरम पाणी दिलं. शिंका थांबल्या. पथ्याचा गुण आला, असं आम्ही सगळे म्हणालो. त्या आठ दिवसांत ती खळ्याकडं फिरकलीही नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सासरी द्यायला चिठ्ठी मराठीत लिहायची होती. मी मोठ्यानं वाचत शेवटच्या ओळीवर आलो तसा आबांनी हात धरला.

"हे न्हाई लिव्हायचं. पाव्हणे म्हणतील, कामचुकार पोरगी दिली."

मी ती ओळ गाळली. उरलेल्या तीन ओळी कागदावर फारच तुटपुंज्या दिसत होत्या. शाळेत तेव्हा नुकतंच सगळं मराठीतून सुरू झालं होतं आणि माझ्या अक्षराचं गुरुजी कौतुक करत. त्या शाळेचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिच्यामुळेच मी आज चार ओळी लिहितो. पण त्या दिवशी मी त्याच अक्षरात भर घातली. केळी, पेरू, शेंगदाणे, उडीद, वांगं. आठवेल ते. खाली लिहिलं, 'वरील पथ्य कडक पाळावे.'

"मोत्यावानी अक्षर हाय," आबा म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं.

पुढच्या फाल्गुनात मी तिला आणायला बोरीला गेलो. तिला पाचवा महिना होता. ती खळ्यावरून आली तेव्हा केसांत, भुवयांत भुसा होता आणि शिंकांनी तिला बोलता येत नव्हतं.

"बगा पाव्हणं," सासू शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चोरून चिंच खाल्ली आसंल. डोहाळे लागलेत न्हवं बाईसायबाला!"

"न्हाई खाल्ली, आत्याबाई," अक्का दोन शिंकांच्या मधे कशीबशी म्हणाली.

"मग शिंका काय आभाळातून पडायल्यात? तुझ्याच भावानं लिव्हलंय. देवाच्या फळीवर ठिवलाय कागद. आमचा ल्योक वाचून दावतो, तवा मी वाढते."

जेवायला अंबाडीची भाजी होती, शेंगदाण्याची चटणी होती. मी पाहुणा, मला दोनदा वाढलं. आत चुलीपाशी अक्का कोरडी भाकरी तिखट-मिठाशी खात होती. खळ्याची गोष्ट मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. पण मग कागद खोटा ठरला असता, आबा खोटे ठरले असते आणि मीही. मी जेवलो आणि हात धुतले. वर सासूबाईंनी सांगितलं, राशी झाल्याशिवाय धाडता येणार न्हाई. मी एकटाच परत आलो.

अक्काला मुलगी झाली. अगदी किडकिडीत. अक्काच्या अंगावर दूध नव्हतं. कशीबशी जगली.

मी पुढं औरंगाबादला शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. गावी आलो तेव्हा अक्का लेकीला घेऊन मला भेटायला आली होती. पदवीचा कागद ठेवायला मी जुनी पेटी उघडली, तर तळाशी हकिमाची चिठ्ठी निघाली. मी ती तिला वाचून दाखवली. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तिनं चिठ्ठीकडं पाहिलं.

"त्यात चिंच व्हती?"

"व्हय. आंबट व्हतं."

"पेरू?"

"न्हाई."

"शेंगदाणे?"

"न्हाई. ते मी लिव्हलं."

"अन् खळ्याचं तवाच लिव्हलेलं व्हतं?"

"व्हय, अक्का. आबा म्हणाले, अन् मी गाळलं."

मायनं माझ्यासाठी ताटलीत भाजलेल्या शेंगा ठेवल्या होत्या. अक्कानं ताटली आपल्याकडं ओढली. एकेक शेंग फोडून ती खाऊ लागली, मधेच लेकीच्या तोंडात दाणा घालायची. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. ताटली रिकामी झाल्यावर टरफलं पदरात गोळा केली.

"उद्या निघाया पायजे," ती मायला म्हणाली. "राशी लागल्यात."